पॉइंटच्या पुढचे मार्क

निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, "राणे मॅडम, एवढी वर्षं कॉम्प्युटरवर नक्की करत काय होतात?" मी सांगते, रांगा लावत होते. मग ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मी काहीतरी उपग्रह वगैरे फिरवत असेन, अशी त्यांची समजूत असते. माझे वडील गिरणीत होते, त्यांना मात्र हे चटकन समजलं होतं. "लोकांना रांगेत लावणारा म्हणजे मुकादम," ते म्हणाले होते. "आमची पोरगी मुकादम झाली." आणि ते खरंच होतं. कुठलीही यादी घ्या, ती कशाच्या तरी क्रमाने लावावी लागते. नावाच्या, वजनाच्या, तारखेच्या, मार्कांच्या. तो क्रम लावणारा प्रोग्रॅम कोणीतरी लिहिलेला असतो. मुंबईच्या उपनगरांतल्या बऱ्याच याद्यांच्या बाबतीत ती कोणीतरी मी होते.

आमची कंपनी अंधेरीला, मरोळच्या एका गाळ्यात. खाली छत्रीच्या दांड्यांचा कारखाना, वर आम्ही. आम्ही जावा नावाच्या भाषेत लिहायचो. कॉम्प्युटरशी बोलायच्या ज्या भाषा आहेत त्यांतली ही एक. मी तिच्यात बावीस वर्षं बोलले, नवऱ्याशी त्याहून कमी. ही भाषा स्वभावाने एखाद्या कडक हेडक्लार्कसारखी. क्रम लावायला सांगितलं की ती दोन-दोन वस्तू उचलून तुमच्यापुढे धरते आणि विचारते, यातली पुढे कोण? उत्तर एका पूर्ण आकड्यातच द्यायचं. उणे आला तर पहिली पुढे, अधिक आला तर दुसरी पुढे. शून्य आला तर दोघी सारख्या, आणि सारख्या असतील तर जी आधी आली होती तीच पुढे राहणार. एवढंच शास्त्र. यावर माझं घर चाललं, मुलुंडचा वन बीएचके झाला, आणि नातेवाइकांत मी 'आमची सॉफ्टवेअरवाली' म्हणून मिरवले.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. बोरिवलीच्या एका मोठ्या सोसायटीचे चेअरमन आले होते. सभासदांची यादी घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे लावून हवी होती, कारण पार्किंगची जागा मोठ्या घरवाल्याला आधी मिळणार होती. दोन शेजाऱ्यांच्या घरांत अर्ध्या चौरस फुटाचा फरक, आणि त्या अर्ध्या फुटावरून दोघे तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी यादी लावून दिली. चेअरमननी ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि म्हणाले, "सगळं झकास आहे, फक्त मी कुठे आहे?" ते एकतिसावे होते. मी म्हटलं, "क्षेत्रफळाप्रमाणे तुमचा नंबर तिथेच येतो." ते म्हणाले, "अहो, क्षेत्रफळाप्रमाणेच लावा, पण चेअरमन पहिला." मी सांगितलं, जावात असं बसत नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग दुसरी भाषा नाही का?"

अशा माणसांवर हसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता मुद्द्याचं सांगते, ज्यात हसण्यासारखी व्यक्ती मीच आहे.

मुलुंडमधल्या एका शिक्षणसंस्थेचं ज्युनियर कॉलेज आमचं जुनं गिऱ्हाईक. संस्थेची स्वतःची शाळा आहे, आणि त्या शाळेतल्या मुलांसाठी कॉलेजात अकरावीच्या काही जागा राखलेल्या असतात. त्याला इनहाऊस कोटा म्हणतात. त्या जागांची गुणवत्ता यादी काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला. संस्थेचे कार्यवाह नाबर साहेब. कपाळाला आठी, खिशाला दोन पेनं. पहिल्या बैठकीतच त्यांनी बजावलं, "यादीत पॉइंट दाखवायचे नाहीत. अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याऐंशी. पॉइंट दिसला की पालकाचा वकील होतो."

मला ते पटलं. छापण्यासाठी म्हणून मी टक्क्यांतला पॉइंट आणि त्यापुढचं सगळं कापून पूर्ण आकडा तयार केला. मग क्रम लावायची वेळ आली. जावाने नेहमीप्रमाणे दोन मुलं पुढे धरली आणि पूर्ण आकड्यात उत्तर मागितलं. खरे टक्के एकमेकांतून वजा केले तर उत्तर अपूर्णांकात येणार, आणि ते ही बाई घेत नाही. अपूर्णांकांची तुलना करायची तयार सोय जावात आहे, एका ओळीचं काम. पण ती शोधायला उठायचं कोणी? छापायला केलेला पूर्ण आकडा हाताशी होताच, मी तुलनेलाही तोच जुंपला. जावा खूश, नाबर साहेब खूश, मी पाच पंचवीसची बस पकडली.

तपासणीही केली होती बरं का. दहा काल्पनिक मुलं तयार केली आणि त्यांना पंच्याण्णव, नव्वद, पंच्याऐंशी असे टक्के दिले. यादी अगदी बरोबर लागली. माझ्या कल्पनेतली मुलं फार नीटनेटकी होती, एकालाही पॉइंट नव्हता. प्रोग्रॅमच्या डोक्यावर मी लिहून ठेवलं, 'तपासले, बरोबर आहे. नी. रा.'

याचा अर्थ काय झाला, तो बाहेरच्या माणसासाठी सांगते. अठ्ठ्याऐंशी पॉइंट शून्य आणि अठ्ठ्याऐंशी पॉइंट नऊ ही दोन मुलं माझ्या प्रोग्रॅमला सारखीच दिसत होती. आणि सारखी असली की जी आधी आली ती पुढे. कॉम्प्युटरमध्ये मुलं भरली जायची अर्जाच्या नंबराप्रमाणे. म्हणजे ज्याने सकाळी लवकर येऊन फॉर्म घेतला, तो पुढे.

हे मला माहीत नव्हतं, कंपनीला माहीत नव्हतं, नाबर साहेबांना माहीत नव्हतं. मुलुंडच्या पालकांना मात्र दोन-तीन वर्षांत कळलं. कसं, ते विचारू नका. कोणी जावा शिकलं नव्हतं. पण दर वर्षी याद्या बघून, कोणाला मिळालं आणि कोणाला नाही याची खलबतं करून त्यांनी निष्कर्ष काढला होता, 'तिथे फॉर्म नंबर चालतो.' झालं. दर जूनमध्ये कॉलेजच्या फाटकाशी पहाटे साडेपाचपासून रांग लागायला लागली. फोल्डिंगची स्टुलं आली, जागा धरायला पाण्याच्या बाटल्या आल्या. एक निवृत्त गृहस्थ स्वतःहून वहीत नंबर लिहायला लागले, पुढे त्यांच्या सहीशिवाय रांगेतला नंबर ग्राह्य धरेनासे झाले. फॉर्म देणारे क्लार्क परब यांच्या घरी त्या महिन्यात आंब्याच्या पेट्या पोचायच्या. खरं तर परबांच्या हातात काहीच नव्हतं, पण आंब्यांना नाही कोण म्हणेल?

मी या रांगेला मनसोक्त हसायचे. आमच्या बिल्डिंगच्या हळदीकुंकवात मी यावर एक छोटंसं व्याख्यानच दिलं होतं. सुशिक्षित माणसं, इंजिनियर, बँकेतले ऑफिसर, आणि पहाटे उठून नंबर लावतात! कॉम्प्युटरला काय कळतंय फॉर्म नंबर? तो मार्क बघतो, फक्त मार्क. बायकांनी माना डोलावल्या. जूनमध्ये त्या सगळ्या रांगेत होत्या.

एक जण सोडून.

आमच्या तळमजल्यावर संगीता राहते. नवरा अकाली गेला, तेव्हापासून घरातच पोळी-भाजी केंद्र चालवते. सकाळी साठ डबे जातात. मोठी मुलगी केतकी पहाटे पाचला उठून पोळ्या लाटायची, साडेनऊपर्यंत डबे भरायची आणि मग संस्थेच्या त्याच शाळेत जायची. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून एक शास्त्रज्ञ बाई त्यांच्या शाळेत बोलायला आल्या होत्या, तेव्हापासून केतकीने ठरवलं होतं, सायन्सच. आणि सायन्स घ्यायचं तर याच कॉलेजात, कारण ते घरापासून दहा मिनिटांवर. लांबचं कॉलेज मिळालं तर सकाळी सातला घर सोडावं लागणार. मग पोळ्या कोण लाटणार? एकतर डबे, नाहीतर सायन्स. घरातला हिशोब इतका सरळ होता. दहावीला तिला अठ्ठ्याऐंशी पॉइंट आठ टक्के पडले.

संगीता पेढे घेऊन वर आली आणि जरा घुटमळली. "नीलाताई, एक विचारू? सगळे म्हणतात फॉर्म नंबर चालतो. पण साडेपाचला मी रांगेत गेले तर डब्यांचं काय करू? केतकीला पाठवलं तर पोळ्या राहतात."

"कोण म्हणतं चालतो?"

"सगळेच."

"संगीता, तो प्रोग्रॅम कोणी लिहिलाय?"

"तुम्ही."

"मग? आरामात जा. डबे गेल्यावर जा. त्या रांगेतल्या शहाण्यांना उभं राहू दे."

ती निर्धास्त झाली. डबे रवाना करून दुपारी साडेबाराला गेली. फॉर्म नंबर एकशे त्रेसष्ट.

मंगळवारी यादी लागली. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर केतकी माझ्या दारात. रडत नव्हती. हातात मोबाइल, त्यात यादीचा फोटो.

"काकू, माझं नाव नाही. शेवटची जागा सायलीला मिळाली. ती माझ्याच वर्गातली आहे."

"तिला किती?"

"यादीत अठ्ठ्याऐंशीच लिहिलंय. पण तिला पॉइंट दोन आहेत, मला पॉइंट आठ. वर्गात सगळ्यांना सगळ्यांचे माहीत असतात. ती माझ्या वर कशी?"

"तू चुकीचं ऐकलं असशील गं," मी म्हटलं. सोळा वर्षांच्या मुलीला मी सांगत होते की तिला मार्क वाचता येत नाहीत.

"तिचा फॉर्म नंबर अकरा होता," केतकी म्हणाली. "तिचे बाबा पहाटे गेले होते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या तो जुना प्रोग्रॅम उघडला. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. दोन मुलं, दोन कापलेले आकडे, वजाबाकी, शून्य. आणि वर डोक्यावर माझीच अक्षरं, 'तपासले, बरोबर आहे.' इतक्या वर्षांत या एका ओळीने किती मुलांना इकडचं तिकडे केलं असेल, ते मोजायची छाती झाली नाही. अजून झालेली नाही.

ओळ मी लगेच सुधारली. पण सुधारलेला प्रोग्रॅम आता कोणाच्या उपयोगाचा? यादी लागली होती, आणि हरकत घ्यायची मुदत गुरुवारी दुपारी चारपर्यंत.

रजा टाकून कॉलेजात गेले. आधी परब भेटले. मी हळूच सांगितलं, प्रोग्रॅममध्ये चूक आहे, खरंच फॉर्म नंबर चालतोय. परबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाय, ह्या माका धा वर्सां म्हायत आसा. तुमका आज कळला?"

नाबर साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग दोन पेनांपैकी एक काढून यादीवर टेकवलं.

"राणे मॅडम, आमचा नियम माहितीपुस्तकात छापलेला आहे. टक्के समान असल्यास अर्ज क्रमांकानुसार प्राधान्य."

"पण साहेब, टक्के समान नाहीत."

"यादीत समान आहेत. हे बघा. अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी."

"ते तुम्ही पॉइंट छापू नका म्हणालात म्हणून."

"छापू नका म्हणालो. मोजू नका म्हणालो नव्हतो." हे त्यांचं अगदी खरं होतं. मग ते म्हणाले, "बघा, मला त्या मुलीचं वाईट वाटतं. एक करा. चूक तुमची आहे, असं लेखी आणून द्या. तुमच्या सहीने. उद्या चारच्या आत. मी यादी बदलतो."

म्हणजे दार बंद नव्हतं. हे मला मुद्दाम सांगायचंय. नाबर साहेबांवर मी इतकी वर्षं चार ठिकाणी टीका केली, पण त्या दिवशी त्यांनी दार उघडं ठेवलं होतं.

मी मरोळला परत गेले. आमचा वरिष्ठ निखिल, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार मुलगा. त्याने आधी विचारलं, "कॉलेजने तक्रार नोंदवलीय का?"

"नाही. मीच सांगतेय."

"मग मॅडम, ही चूक नाही ना. चूक म्हणजे तक्रार आल्यावर. हाच प्रोग्रॅम आपण आणखी पाच कॉलेजांना दिलाय. तुम्ही लेखी दिलंत की सहाही ठिकाणी मागची सगळी वर्षं उकरतील. वाट लागेल यार." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि तुमच्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत ना? शांतपणे जा ना मॅडम."

धमकी नव्हती ती. माझी काळजीच होती त्यात. आणि खोटं कशाला बोलू, मला ती काळजी हवीच होती. गुरुवारी मी ऑफिसात जागेवर बसून होते. पत्र लिहिलं होतं, चार ओळींचं. खाली सही करायची तेवढी राहिली होती. तीन वाजले. मी चहा प्यायले. साडेतीन वाजले. मी एका दवाखान्याच्या पेशंटांची यादी तारखेप्रमाणे लावत बसले, ज्याची काही घाई नव्हती. मग चार वाजून गेले.

संगीताला मी सांगितलं, "नियमात बसत नाही म्हणतात." ती म्हणाली, "तुम्ही एवढी रजा काढून गेलात, तेच खूप." जवळच्याच दुसऱ्या कॉलेजात सायन्स नव्हतं, त्याच आठवड्यात केतकीने तिथे कॉमर्सला नाव घातलं. जिन्यात भेटली की म्हणायची, "कॉमर्सपण छान आहे, काकू." मला वाटायचं, हिने एकदा तरी माझ्यावर ओरडावं.

नाबर साहेबांनी तेव्हा लेखी मागितलं होतं. तेव्हा दिलं नाही, आता देते. चूक माझी होती. अठ्ठ्याऐंशी पॉइंट आठ हे अठ्ठ्याऐंशी पॉइंट दोनपेक्षा जास्त आहेत. मुलीला मार्क वाचता येत होते. खाली सही, नीला राणे.

सुधारलेली ओळ मात्र मी निवृत्त व्हायच्या आधी सगळीकडे पोचवली. वार्षिक देखभालीच्या कागदावर 'किरकोळ सुधारणा' असं लिहून. पुढच्या जूनमध्ये पहिल्यांदाच ती यादी खऱ्या मार्कांनी लागली, आणि कॉलेजात गोंधळ झाला. पहिल्या वीस फॉर्म नंबरांतल्या सहा जणांना जागा मिळाली नाही. पहाटेपासून उभे राहिलेले बाप चिडले. "इतकी वर्षं सिस्टीम प्रामाणिक होती," एक गृहस्थ फाटकात ओरडत होते म्हणे, "यंदा नक्की वशिला चाललाय." वहीवाल्या निवृत्त गृहस्थांनी तोडगा काढला, पुढल्या वर्षीपासून पहाटे पाचला यायचं.

केतकीनंतर दोन वर्षांनी संगीताची धाकटी, मुग्धा, दहावी झाली. तिला एक्याण्णव पॉइंट चार. मी आता घरीच असते, संगीता वर यायच्या आधी मीच खाली गेले.

"या वेळी रांगेत जायची अजिबात गरज नाही," मी म्हटलं. "प्रोग्रॅम दुरुस्त केलाय मी. आता फक्त मार्क बघतो."

संगीता कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही. "नीलाताई, मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी घरातलं स्टूल घेऊन कॉलेजच्या फाटकाशी गेले. संगीताला म्हटलं, तू डबे बघ, नंबर मी लावते. वहीवाल्यांनी मला चौथा नंबर दिला आणि सही केली. पुढे उभा असलेला एक तरुण बाप आपणहून समजावून सांगायला लागला, "आंटी, बरं केलंत लवकर आलात. इथे सगळं फॉर्म नंबरवर असतं. कॉम्प्युटरच तसा आहे ना." मी म्हटलं, "हो, ऐकलंय." ज्या रांगेला मी आयुष्यभर हसले, तिच्यात मी चार तास उभी होते, आणि या रांगेचा काहीही उपयोग नाही हे तिथे फक्त मलाच माहीत होतं.

नऊ वाजता संगीता आली. पदराला पीठ, हातात डबा. "तुम्ही सकाळपासून उपाशी असाल," म्हणाली. मी डबा घेतला, पण उघडला नाही. दोन वर्षं जे गिळलं होतं, ते तिथेच, त्या फाटकाशी सांगून टाकलं. ती ओळ, तो कापलेला पॉइंट, नाबर साहेबांनी मागितलेलं पत्र, चारची मुदत. सही सोडून सगळं तयार होतं, हेही सांगितलं. मागचे-पुढचे ऐकत होते, ऐकू दिलं.

संगीताने फाटकाच्या आत पाहिलं. खिडकीत परब येऊन बसत होते.

"केतकीला सांगितलंत?"

"नाही."

"तिला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

"आजच सांगते."

खिडकी उघडली. पुढचे तिघं सरकले. मी संगीताला म्हटलं, "तू ये पुढे, फॉर्म तूच घे. मी जाते."

तिने स्टूल उचलून माझ्या पायाशी पुढे सरकवलं.

"डबे अजून जायचेत," ती म्हणाली. "तुम्ही रांग सोडू नका."